बाबांच्या लेन्सचा नंबर

खामगाव
१५ मे २०२४

चि. संघपालले ताईचा जयभीम.

इकडं सारे बरे आहेत. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नाई. कुरडया दोन दिवसांत वाळल्या. तिकडं नागपुरात दुपारचा बाहेर पडत नको जाऊ. फोन तू उचलत नाईस, म्हनून लिहून राह्यली. फाडाचं असंन तं फाड, पन पुरं वाचून फाड.

कामाचं सांगते. बाबांची ती जुनी लेन्स, जिच्यावरून आपलं बिनसलं, ती साफ झाली. मागच्या महिन्यात कॅमेरे दुरुस्त करनारे शकूरभाई आपल्या फोटो स्टुडिओत आले होते. लेन्स हातात घेऊन हसले. म्हने, "बाई, हिच्या काचेतच थोरियम असते. अंधारात पडून राह्यली की आपोआप पिवळी पडते. उन्हात ठेवा, निंगून जाईन." मी कुरडयांच्या बाजूलेच ठेवली. तीन आठवड्यांत चहासारखा रंग गेला.

म्हंजे लेन्स तीच होती. तू बदलली नव्हती. बाबा गेल्यावर त्यायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी कपाट उघडलं, पिवळी काच पाह्यली अन् साऱ्या सोयऱ्यांसमोर तुले चोर म्हनलं. चाबी तुयाजवळ होती, चांगली लेन्स विकून हे भंगार ठेवलं, असं म्हनलं. मले काय माहीत काच अशी रंग बदलते? कोनालेही तसंच वाटलं असतं.

इथपर्यंत मी हे पत्र चारदा लिहिलं. चारही वेळा इथंच सही केली अन् फाडलं.

तू त्या दिवशी एकच बोलला होता, "ताई, नंबर पाह्य." मी पाह्यला नाई. सारे गेल्यावर संध्याकाळी पाह्यला. बाबांच्या वहीत लिहून होता, तोच लेन्सच्या कड्यावर होता. आकडा न् आकडा तोच. वही मी गव्हाच्या कोठीत दडवली. तीन वर्षं झाली, मले माहीत आहे, संघ्या.

लाज वाटली. एवढं तोंड वाजवल्यावर कोनत्या तोंडानं मागं घेऊ? अन् राग होता. बावीस वर्षं स्टुडिओत मी उभी राह्यली, अन् बाबा म्हनत, हा संघपालचा. तू निंगून गेला, तं स्टुडिओ मायाजवळ राह्यला.

परवा उंद्रीहून गुलाबराव आले. तुया पोरीची, काजलची त्यायच्या पोरासंगं सोयरीक चालू आहे, हे मले त्यायच्याच तोंडून कळलं. त्यायनं विचारलं, "तुमच्या भावानं घरातच चोरी केली म्हनतात, खरं काय?" मी म्हनलं, "जुनं आहे, जाऊ द्या." नाई म्हनता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं, संघ्या. ते अर्धा चहा सोडून उठले. त्या पोरीनं मायं काय बिघडवलं होतं?

येत्या रविवारी मी उंद्रीले गुलाबरावांच्या घरी जाऊन राह्यली. वही अन् लेन्स दोन्ही नेते. तू ये, नाई तं नको येऊ. उन्हाची अन् काचेची गोष्ट मी तिथं काढनार नाई. काढली तं लोक म्हनतीन, बिचारीचा गैरसमज झाला. नंबर पाह्यल्याचं सांगनार.

मायी हिंमत मले माहीत आहे. ऐनवेळी मी गप्प राह्यली, तं हे पत्र त्यायच्यासमोर वाच. काजललेच वाचाले दे.

जानूनबुजून खोटं बोललेली,
महामाया सहदेव इंगळे