सगळ्यात हळू चालणारा पुढे

ता. ९ मार्च
दुकानातून, दुपारी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

दुकान बरं चाललंय. लोक हल्ली जोडे शिवून घेत नाहीत, फाटले की फेकतात. पण टाचा झिजायच्या थांबत नाहीत तोवर आपल्याला मरण नाही. काल एक वकीलसाहेब कुत्र्याने चावलेला बूट घेऊन आले आणि मलाच दम देऊन गेले, जणू कुत्रा माझा होता. मशीनची सुई या आठवड्यात दोनदा मोडली. हिचा खोकला एकदाचा गेला. तुझ्या भाचीचं लग्न जूनमध्ये धरतोय, ते तिने तुला कधीच सांगितलं असेल. तुमच्या दोघींच्या पोटात काही राहत नाही.

तू म्हणशील, याचा फोन बिघडला की काय! फोन ठणठणीत आहे. पत्र का, ते पुढे लिहितो.

मागच्या रविवारी आम्ही डोंगरावरच्या देवाला जाऊन आलो. आई, ही, तुझी भाची, होणारे व्याही आणि विहीणबाई. पहाटे निघायचं ठरलं होतं, विहीणबाईंची वेणी होईपर्यंत आठ वाजले. पायऱ्या पाचशे बावीस. व्याह्यांनी मोजल्या, घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, मोजल्याशिवाय त्याला पाऊल टाकवत नाही. पण शंभर होईपर्यंत त्यांचीच चावी संपली. दर वीस पायऱ्यांना कठड्याला टेकायचे, मनगटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "दोनच मिनिटं हं." मी टोपीने वारा घालतोय, पाण्याची बाटली उघडून हातात देतोय. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही पुढे व्हा. आमच्या घरात सगळ्यात हळू चालणारा पुढे असतो, त्याला कोणी ओलांडायचं नाही. आमच्या बाबांचा नियम आहे."

बोलून गेलो, मग लक्षात आलं. व्याही खूश. म्हणाले, "काय छान रीत आहे हो तुमची!" तो नियम बाबांनी कोणासाठी केला होता ते आईला ठाऊक, मला ठाऊक. आई गुडघ्यावर हात ठेवून पुढची पायरी चढली.

ताई, आडवळणाने लिहून काही उपयोग नाही. तुला मी सांगितलं होतं की आईच्या गुडघ्यांमुळे यंदाचं जाणं रद्द झालं. ते खोटं. आणि आईला सांगितलं होतं की ताईचा पाय फार दुखतो, ती नको म्हणाली. तेही खोटं. आईला फोनवर ऐकू येत नाही, तुमचे निरोप माझ्याच तोंडून जातात-येतात, त्यामुळे दोघींना दोन थापा मारायला मला काही कष्ट पडले नाहीत.

नवस तुला पाठ आहे. तरी लिहितो, कारण मी तो विसरल्यासारखा वागलो. तू चार वर्षांची होतीस, ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, ही उभी राहणार नाही. आई देवाला म्हणाली, राहिली तर तिला पायी तुझ्या दारात आणीन. तू उभी राहिलीस. बाबांनी दीड इंच जाड तळाचा बूट शिवला आणि तू चालायला लागलीस. आई लगेच निघाली होती, बाबांनी अडवलं. म्हणाले, "देवाला कसली आलीय घाई? पाय तिचा आहे. ती म्हणेल तेव्हा जाऊ." आई पंचेचाळीस वर्षं थांबली. आणि गेल्या हिवाळ्यात तू आली होतीस तेव्हा भांडी पुसता पुसता म्हणालीस, "आई, यंदा डोंगर चढू या का?" आईच्या हातातली ताटली पडली. मीच ती उचलली होती, म्हणजे ऐकलं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

मग असं का केलं? आधी मनाला सांगितलं, ऊन आहे, तुला त्रास होईल. मग सांगितलं, एवढ्या पायऱ्या, परतायला अंधार होईल. ही सगळी लोकांना सांगायची कारणं. खरं असं, की व्याही पहिल्यांदाच दिवसभर आपल्या सगळ्यांबरोबर असणार होते. नियमाप्रमाणे तू पुढे, म्हणजे ते पाचशे बावीस पायऱ्या मागून तुझा पाय बघणार. विचारणार, हे घराण्यात आहे का. जमलेलं मोडेल, ही भीती होती; पण नुसती भीती असती तर मी एवढा खाली मान घालून लिहीत बसलो नसतो. मला तुझी लाज वाटली, ताई. पन्नाशीला आलेला मी, बाबांच्या गादीवर बसून लोकांच्या पायांवर पोट भरणारा, आणि मला तुझ्या पायाची लाज वाटली.

पहिल्यांदा नव्हे. शाळेच्या रस्त्यावर बाबा दिसेनासे झाले की मी तुझं दप्तर घेऊन दहा पावलं पुढे पळायचो. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा घाईत आहे, एकटाच आहे. फाटकाशी दप्तर तुझ्या हातात द्यायचो. घरी गेल्यावर तू आईला सांगायचीस, "यानेच माझं दप्तर आणलं." मला वरून शाबासकी मिळायची.

तसंच रविवारी झालं. अर्ध्याहून वर गेल्यावर पोरीने दरी दाखवायला तुला व्हिडिओ कॉल लावला. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. मी अडवेपर्यंत तुझा चेहरा समोर आला, मागे तुझ्या रविवारीही चालणाऱ्या लायब्ररीची कपाटं. तू आम्हाला सगळ्यांना एकेक करून बघितलंस. मी टोपी हातात धरून उभा. आईने फोन ओढून घेतला आणि ओरडून विचारलं, "का गं नाही आलीस?"

तू हसून काहीतरी म्हणालीस. आईला ऐकू येईना, म्हणून पोरगी तिच्या कानाशी ओरडली, "आत्या म्हणते, सुट्टी नाही मिळाली!"

तू मला वाचवायला गेलीस आणि मी तिथेच सापडलो. मी आईला पाय सांगितला होता, तू सुट्टी म्हणालीस. आईने फोन परत दिला, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि चढायला लागली. त्यानंतर तिने कोणाचा हात धरला नाही.

वर पोचता पोचता व्याही म्हणतात, "तुमच्या ताई असत्या तर मला जरा धीर आला असता. शिडी चढून वरच्या कप्प्यातली पुस्तकं स्वतः काढतात म्हणे, त्या पायाने! आमचा मुलगा फार सांगतो." त्यांना सगळं ठाऊक होतं. पोरीने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, त्यांना त्याचं काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

देवळाच्या नऊ पायऱ्या अलीकडे चपला काढायची जागा आहे. सगळ्यांनी काढल्या. आई दगडावर बसली ती बसलीच. विहीणबाईंना वाटलं, दमल्या. मी वाकून तिच्या चपलेचा बंद सोडायला गेलो तर तिने पाय मागे घेतला. तिला वाटतं ती हळू बोलते. बरं झालं, बाकीचे पुढे गेले होते.

"पाय दुखतो, असं तिने जन्मात कधी म्हटलंय? बूट चावून रक्त आलं तरी म्हणाली नाही. खोटंच बोलायचं होतं तर सुट्टीचं बोलायचंस! बहिणीबद्दल तेवढंही माहीत नाही तुला?"

मी तसाच वाकलेला.

"मी देवाला सांगायला निघाले होते, पोरीच्या पायाने साथ सोडली, आता माझ्या पायांवर भागवून घे. आता काय सांगू? तिचा पाय धड आहे, माझ्या मुलाचं डोकं फिरलंय, असं सांगू? तू जा वर. मी चपला सांभाळते."

आणि ताई, मी गेलो. व्याह्यांसमोर बाहेर कसा राहणार, तेव्हाही मला तेच पडलं होतं. घंटा वाजवली, हात जोडले, वर बघवलं नाही. बाहेर आलो तर आईने आमचे पाच जोड ओळीने लावून ठेवले होते. व्याह्यांचा बूट उचलून दाखवत म्हणाली, "हा उसवलाय. शिवून दे त्यांना." पंचेचाळीस वर्षं वाट बघून, पाचशे तेरा पायऱ्या त्या गुडघ्यांनी चढून, ती नऊ पायऱ्या खालून परत फिरली.

घरी येऊन मी फोन उचलला तर म्हणाली, "फोन नको. ती 'जाऊ दे रे' म्हणेल आणि तू जाऊ देशील. लिही." पाच कागद फाडले, हा सहावा.

काल व्याह्यांचा बूट द्यायला गेलो आणि त्यांनाही खरं काय ते सांगितलं. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात बघत बसले. मग म्हणाले, "पुन्हा जाल तेव्हा मला बोलवा. पण पुढे त्या चालणार की मी, ते आधी ठरवा." मला हसूही आलं आणि तोंड कुठे लपवावं तेही कळेना.

तुझ्या पायाचा बाबांनी केलेला लाकडी साचा अजून वरच्या फळीवर आहे. आज काढून पुसला. बाबा गेल्यापासून तू बूट तिकडेच करून घेतेस. कोण करतो, चावतो का, मी अकरा वर्षांत विचारलं नाही. साचा जुना झाला, माप बदललं असेल. सोबत एक कोरा कागद घडी करून ठेवलाय. त्यावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीने कडा आखून पाठव. तळ हलका घालीन आणि टाच घट्ट धरणारी करीन. उतरताना पाय कुठे घसरतो ते मी नीट बघून आलोय. शेवटच्या नऊ पायऱ्यांना बूट नसेल, तिथे हात लागेल. माझा धरवत नसेल तर पोरीचा धर.

कागद नाही आला तर आईला मीच सांगेन, तू का येत नाहीस ते, खरं कारण. ती म्हणते, गुडघ्यांत अजून एका चढणीचा जीव आहे. त्याहून जास्त नसावा.

माफ कर, असं लिहीत नाही. लिहिलं तर तू लगेच करशील.

तुझ्या दहा पावलं मागे,
तुझा धाकटा