आईंच्या गुडघ्यांचा स्पेनमधला अहवाल

शारजा
घटस्थापनेचा दुसरा दिवस

ती. सुजीतदादा यांस,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार शब्दशः घ्यावा, कारण हे पत्र मी हॉलमधल्या गालिच्यावर पालथा पडून लिहितो आहे. (डॉक्टरांनी कंबरेसाठी हेच आसन सांगितलं आहे. कंबरेचं कारण पुढे ओघात येईलच, मला त्याची घाई नाही.) वहिनींचा खोकला थांबला का? तुमचं बीपी कसं आहे? सकाळची गोळी घेतली असेल तर उत्तम. नसेल तर आधी घ्या, मग पुढे वाचा. मी थांबतो.

जुलैअखेर आईंना आमच्याकडे पाठवताना तुम्ही फोनवर म्हणाला होतात की, दत्तप्रसाद, आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुझ्याइतका घाबरट माणूस दुसरा नाही, म्हणून हे काम तुलाच सांगतो. मी ते कौतुक म्हणून घेतलं. काम असं होतं, की गेल्या वर्षी जिन्यात पडल्यापासून आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई नौपाड्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, एकट्या राहू शकतात की नाही, हे मी दोन महिने नीट पाहावं आणि खरं काय ते लिहून कळवावं. मी हो म्हटलं तर त्या आपल्या घरी परत जातील. नाही म्हटलं तर दिवाळीनंतर पुण्याच्या त्या ज्येष्ठ निवासात, जिथे उशाशी घंटा आहे आणि फाटकाबाहेर जायला चिठ्ठी लागते. दादा, मी इथल्या हमरिया भागातल्या रंगाच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. शिडी, क्रेन, गॅसच्या टाक्या, सगळ्यांच्या तपासणीवर डोळे मिटून सही करतो. (डोळे मिटून म्हणजे तपासून, हो. हे पत्र चुकून कंपनीत कुणाच्या हाती लागलं तर घोळ नको.) पण सासूबाईंवर सही करायची म्हटल्यावर माझी झोप उडाली. हो लिहिलं आणि त्या पडल्या तर? नाही लिहिलं आणि त्या माझ्याकडे बघून काही बोलल्याच नाहीत तर? दुसऱ्याची भीती मला जास्त वाटते.

आता एक गोष्ट सांगतो, ती शांतपणे घ्या. मी आईंचं जे निरीक्षण केलं, ते मुख्यतः स्पेनमध्ये केलं. तुम्हाला आठवत असेल, जूनमध्ये आई दात दाखवायला म्हणून टॅक्सीने दादरला जाऊन आल्या होत्या. दात ठणठणीत होते. त्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेल्या होत्या. हा कट तुमची बहीण मृणालिनी, आमची लेक अवनी आणि आई या तिघींनी व्हॉट्सॲपवर शिजवला, आणि मला कळलं ते विमान सुटण्याच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा अवनीने आईंच्या पाठीला एक जांभळी सॅक लावून पट्टे आवळून पाहिले. मी म्हटलं, हॉटेलात तरी राहू या. अवनी म्हणाली, "बाबा, इट्स बॅकपॅकिंग! दॅट्स द होल पॉइंट!" मी शेवटचा उपाय म्हणून आमच्या शेजारच्या रत्नागिरीच्या मरियमबींना गाठलं, की आईंना तुमच्याकडे ठेवू का. त्या बिचाऱ्या लगेच तयार झाल्या, पण आईच म्हणाल्या की मला राखण लागत नाही. वर मरियमबींनी प्रवासाला नारळाच्या वड्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना, भाई. इन्शाल्ला काय होणार नाय. तुम्हीच जरा पाणी प्या, चेहरा बघा केवढा उतरलाय."

माझ्या सॅकमध्ये प्रथमोपचाराची पेटी, दोरी, शिट्टी, आईंच्या आंघोळीच्या पाण्यात घालायला जंतुनाशकाची मोठी बाटली आणि धुराचा इशारा देणारं एक यंत्र होतं. आईंच्या सॅकमध्ये दोन नऊवारी, मेतकूट, मरियमबींचा डबा आणि लोखंडी पळी. या पळीची आणि त्या यंत्राची माद्रिदला पहिल्याच संध्याकाळी गाठ पडली. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात आईंनी मेतकूट-भातावर घालायला फोडणी केली, यंत्र किंचाळलं, आणि जगातल्या निरनिराळ्या देशांची तरुण मुलं टॉवेलावर रस्त्यात येऊन उभी राहिली. नंतर तीच मुलं भाताला रांग लावून आली. ग्रनाडाला आम्ही सहा जणांच्या खोलीत होतो, एकावर एक पलंग. आई खाली, मी त्यांच्या वरच्या फळीवर. (जावयाने सासूच्या डोक्यावर झोपणं कुठल्या शास्त्रात बसतं ते भटजींना विचारून कळवा.) फळी करकरली की मी श्वास रोखून धरायचो आणि खालून आई म्हणायच्या, "झोपा हो, पडलात तर मी आहे." व्हॅलेन्सियाला जेवण आधीच उशिरा मिळायचं, आणि मी प्रत्येक पदार्थाचे आधी दिर्हाम आणि मग रुपये करून मोठ्याने सांगायचो, त्यामुळे ते गारही व्हायचं. आईंनी शेवटी मला आकडे न बोलण्याची शपथ घातली.

पण तुम्हाला हवे आहेत जिने. तर जिने होते. ही स्वस्त हॉस्टेलं जुन्या इमारतींत, आणि लिफ्ट असली तरी तिच्यावर कागद चिकटवलेला. आई रोज चढायच्या. एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात काठी, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी दोन पायऱ्या मागे, दोन्ही हात पसरून, झेल घ्यायला उभा असल्यासारखा. त्यांना कळू नये म्हणून पावलांचा आवाज न करता. प्रत्येक मजल्यावर माझे हात भरून यायचे, त्यांचे गुडघे नाही.

आता कंबरेकडे वळतो. बार्सिलोनाहून थोड्या अंतरावर एक गाव आहे, तिथली वार्षिक जत्रा अवनीला बघायची होती. आदल्या संध्याकाळी भुतांचे वेष घेतलेली माणसं हातात भुईनळे फिरवत लोकांच्या अंगावर धावून आली, आणि लोक पळण्याऐवजी त्या ठिणग्यांखाली नाचायला लागले. आमच्या कारखान्यात नुसती काडी ओढली तर माणूस घरी जातो. मी आईंच्या पदरावर ओला पंचा टाकून त्यांना भिंतीशी उभं केलं होतं, वळून बघतो तर पंचा भिंतीशी आणि आई ठिणग्यांत. मृणालिनी मला म्हणाली, "तू डोळे मीट." मी मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात माणसांचे मनोरे होते. म्हणजे आपल्या गोविंदांसारखेच थरावर थर, सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं छोटं पोर. वर हंडी मात्र नाही. पोराने टोकाला जाऊन हात उंच केला की झालं. आमच्या खोलीची बाल्कनी नेमकी चौकावर होती. ती बघून आईंचा चेहरा असा काही उजळला की मला नौपाड्याची तुमची गॅलरी आठवली. दादा, तुम्हालाच माहीत, बाबा असल्यापासून दरवर्षी दहीहंडीला त्या गॅलरीतून गोविंदांवर पाणी ओतण्याचा मान आईंचा. यंदा तो चुकला, कारण यंदा आपण त्यांना जपायला शारजाला पाठवलं होतं.

मी खाली उतरलो होतो ते औषधाचं दुकान कुठे आहे हे बघून ठेवायला. चौकातली गर्दी अचानक आत सरकू लागली. मला वाटलं चेंगराचेंगरी होते आहे, म्हणून नियमाप्रमाणे मी गर्दीच्या दिशेनेच तिरका तिरका बाहेर पडू लागलो आणि थेट मध्यभागी पोचलो. तिथे एका धिप्पाड गृहस्थाने माझे दोन्ही हात उचलून पुढच्याच्या पाठीवर ठेवले, मागच्याने माझ्या पाठीत डोकं खुपसलं, आणि मी मनोऱ्याचा पाया झालो. (तिथे ज्याला हवं त्याने पायाच्या थरात घुसून जोर लावायचा असतो. मला नको होतं, पण ते सांगायला तोंड मोकळं नव्हतं, ते परक्या माणसाच्या घामट सदऱ्यात होतं.) मग आमच्या डोक्यांवरून पाय वर गेले. चौक चिडीचूप झाला. सनईसारखं वाद्य सुरू झालं. मला काही दिसत नव्हतं, पण पुढच्या माणसाची पाठ थरथरायला लागली होती, आणि वरचं काहीतरी थांबलंय हे सगळ्या पाठींना कळलं होतं. शेवटच्या थराखाली, टोकाला जाणारी चिमुरडी गोठली होती, ना वर ना खाली. हे मला नंतर अवनीने सांगितलं.

आणि त्या शांततेत वरून एक सणसणीत आरोळी आली, शुद्ध नौपाड्याची, आणि पाठोपाठ पाणी. ते माझ्या मानेवरून पाठीत उतरलं तेव्हा त्याला माझ्याच जंतुनाशकाचा वास होता. दादा, त्या क्षणी मला दुसऱ्या कुणाचा संशयसुद्धा आला नाही. मला फक्त डोळ्यांपुढे तुरुंग, हद्दपारी, गेलेली नोकरी आणि तुम्ही दिसलात. बावीस वर्षांत मला इथे पार्किंगचा दंड झालेला नाही. बाल्कनीत टॉवेल वाळत घालतानाही मी आधी खाली बघतो.

मुलगी दचकली. मग म्हणे खुदकन हसली, सरसर वर गेली, हात उंच केला आणि उतरली. थर एकामागून एक सुखरूप खाली आले. कुणाला खरचटलंही नाही. फक्त सगळे पांगल्यावर मी तसाच वाकलेला राहिलो, मला सरळ होता येईना. मी तसाच जिना चढलो. मनोऱ्यांचा म्होरक्या माझ्या आधी वर पोचला होता आणि रागाने पांढराफटक पडून अवनीला सांगत होता, की ओल्या अंगावर पाय घसरतात, पोर पडलं असतं. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, वर लेखी घेतलं असतं. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, चुकलं माझं. आमच्याकडे पाण्याने धीर येतो." आणि काठीला हात न लावता, कठडा धरून, सगळा जिना उतरून त्या चौकात गेल्या. त्या मुलीला जवळ घेतलं, तिच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि मरियमबींच्या डब्यातली शेवटची वडी तिच्या तोंडात घातली. मुलीने आपलं हेल्मेट काढून आईंना घातलं. म्होरक्याही मग हसला, पण आमची आंघोळीची बादली घेऊन गेला. बरोबरच केलं.

हे सगळं इतक्या सविस्तर लिहिण्याचं कारण असं की कुणीतरी व्हिडिओ काढला आहे. आमच्या अकाउंट्समधल्या ओवेसने जेवणाच्या सुट्टीत मला तो दाखवला, "हबीबी, ये आंटी देखो, क्या निशाना है!" मी म्हटलं, कोण आहे कुणास ठाऊक. मरियमबींच्या भाच्याने तो रत्नागिरीत पाहिला. म्हणजे तुमचं पुणे फार दूर नाही. नऊवारी आणि हेल्मेट या वर्णनाची दुसरी बाई तुम्हाला सापडणार नाही, तेव्हा माझ्याकडूनच कळावं.

तर आईंची तब्येत अशी आहे. तुमची तब्येत सांभाळा आणि वहिनींना हे वाचून दाखवताना पाण्याचा भाग हळू वाचा.

आपला, अजूनही पालथाच,
दत्तप्रसाद

ता. क. निकाल लिहायचा राहिला. पाच वेळा लिहून खोडला. दादा, त्या पडणारच नाहीत असं मी लिहून देऊ शकत नाही, कारण ते शिडीबद्दलही कुणी लिहून देऊ शकत नाही. पण माझं मत हो असं आहे. त्यांना नौपाड्याला राहू द्या. पुण्याच्या त्या लोकांना 'नाही' म्हणून कळवा. सही केली आहे, पालथं पडून केली म्हणून ती तशी दिसते.

ता. क. २. मृणालिनीला वाटतंय मी 'आई उत्तम आहेत' एवढंच लिहून पाठवलंय. कृपया तसंच वाटू द्या.

ता. क. ३. चि. सुजीत, अनेक आशीर्वाद. जावईबापू पत्र छातीखाली ठेवून झोपले आहेत, मी ओढून काढून वाचलं. सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही. प्रत्येक जिन्यावर मला भीती वाटत होती. पुटपुटत होते ती रामरक्षा. पण ते मागे हात पसरून येतायत हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, एवढा मोठा श्वास कुणी घेतो का! ते इतके घाबरलेले असायचे की मग मी चढून जायचे. तूही घाबर, बाळा. तू पोटचा आहेस, तुला भीती वाटणारच. फक्त घाबरायचं तर माझ्या मागे उभा राहून घाबर, दारात आडवा उभा राहू नकोस.

आणि नौपाड्याला नवीन बादली आणून ठेव. जुनीची कडी तुटली आहे.

आई