अनुसया-१ ची मंजुरी

९ जून २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असलेली बरी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

काम असं. मागच्या वर्षी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. काही हवं असलं की डाव्या हाताने चमचा घेऊन स्टीलचा ग्लास वाजवते. तो आवाज मागच्या खोलीपर्यंत नीट येत नाही. म्हणून वायरलेस घंटी तयार केली. बटण आईच्या खाटेवर, घंटी माझ्या टेबलावर. नाव अनुसया-१, आईवरून. सावंगीच्या दवाखान्यातून रोज किती पेशंट घरी जातात! प्रत्येक घरी एक लागेल.

काल पहिल्याच फटक्यात वाजली. लगेच बंद करून कपाटात ठेवली. रेडिओ लहरी सोडणारं यंत्र आधी लॅबमध्ये तपासायचं, मग दिल्लीची मंजुरी, मग वापर. टेलिफोन खात्यात जन्म गेला, एवढं मला कळतं. महिनाभरात मंजुरी येईल. तोवर ग्लास. Temporary arrangement.

१२ जून
शेजारच्या तानाबाई म्हणाल्या, लावून द्या न भाऊ ते बटन, सेलूत कोन येऊन राह्यलं पाह्याले? मी समजावलं, कुणी पाहतंय म्हणून नियम पाळायचे नसतात. त्या उठल्या. पटलं असावं. जाताना आईला बाथरूमला नेऊन आणलं.

संकल्प: सकाळी फिरणे. मंजुरीचा form भरणे. आईला रोज तासभर वाचून दाखवणे.

२० जून
फिरणं उद्यापासून. Form निम्मा झाला. आईला वाचून दाखवलं, मंजुरीचे नियमच. लगेच झोप लागली तिला. एरवी लागत नाही.

बायको, भावना, पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे. येईलच आता. बाळ चालायला लागलं म्हणे.

३ जुलै
नमुना बेंगळुरूच्या लॅबला रवाना. कुरिअरवाल्या अंकुशने विचारलं, काका, डब्ब्यात काय हाय? म्हटलं, इतिहास. त्याने 'इलेक्ट्रिक सामान' लिहिलं.

२४ जुलै
Report आला. Fail. लहरींची शक्ती मर्यादेच्या कितीतरी पट. आईची खाट आणि माझं टेबल यांच्यात एक भिंत आहे, हे खरं. पण मी घंटी एसटी स्टँडपर्यंत पोचेल अशी केली होती. पुढचा विचार करून ठेवावा लागतो. याला failure म्हणता येणार नाही. कमी पडून fail होणं वेगळं.

ग्लास वाजला. आलो, म्हणून ओरडलो. तानाबाई गेल्या.

११ ऑगस्ट, दुपार
लॅबमधून एका मुलीचा फोन. नमुना पुन्हा पाठवताना शक्ती कमी करा, शिवाय तो अखंड लहरी सोडणारा हवा, म्हणाली. बटण दाबल्यावर क्षणभर सोडतो तेवढ्यात मीटरला मोजता येत नाही. ही सोय फक्त तपासणीपुरती, असं दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं. पण नियम मीही वाचले आहेत. जो नमुना तपासला तोच मंजूर, त्यात नंतर काडीचा बदल चालत नाही. मुलगी नवीन असावी.

७ सप्टेंबर
सिंदी रेल्वे गावाहून रक्षा आली. माझी धाकटी बहीण. म्हणाली, दादा, आईले माह्याकडे राहू दे काही दिवस. तुह्यानं एकट्यानं होऊन नाई राह्यलं. मी स्पष्ट सांगितलं, मुलगा असताना आई मुलीकडे कशाला? शिवाय घंटी तयार झाल्यावर दाबणार कोण?

रक्षा स्वयंपाकघरात गेली तेव्हा आईने माझं बोट धरलं. "पफु," म्हणाली. प्रफुल्ल तिला म्हणता येत नाही. पुढेही काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. डोक्यात शक्ती कमी करण्याचं गणित चालू होतं. निदान उत्तर बरोबर आलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
आज दसरा, त्यातच गांधी जयंती. लॅब बंद, दिल्ली बंद. तानाबाई सगळी गल्ली घेऊन सकाळच्या गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. जयभीम घालायला आल्या तेव्हा म्हणाल्या, आज मी नाई, भाऊ, गिलासाकडं कान ठेवजा. गल्लीत एवढी शांतता वर्षातून एकदाच. नमुना पूर्ण करायचाच, असं ठरवलं.

दुपारी ग्लास वाजला. अँटेनाला कथलाचा डाग देत होतो, हात सोडता येईना. पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला. बरं वाटलं. आईला आता धीर धरता येऊ लागला आहे.

नमुना पूर्ण. उत्तम दिवस.

४ ऑक्टोबर
आई परवा पडली. स्वतःच उठायला गेली असावी. खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी तानाबाई नागपूरहून आल्या, तिला बुंदी द्यायला आत गेल्या, तेव्हा कळलं. रिक्षाने सावंगीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या? म्हटलं, सांगता येणार नाही, अजून घंटीला मंजुरी नाही.

तानाबाई रिक्षात म्हणाल्या, प्रफुल्लभाऊ, गिलास तं वाजला असन न? म्हटलं, वाजला होता. 

नमुना आज कुरिअरला दिला. दवाखान्याच्या वाटेवरच दुकान आहे.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. रक्षाने आईला दवाखान्यातून परस्पर सिंदीला नेलं. आज आईची लुगडी न्यायला आली होती. मी म्हटलं, मंजुरी आली की घंटी घेऊन येतो. तिने खाटेजवळचा ग्लास आणि चमचा पिशवीत घातला. तिच्या घरी ग्लास आहेत. तरी हाच नेला.

संकल्प: येत्या रविवारी सिंदीला जाणे.

९ नोव्हेंबर
रविवारी जाणं झालं नाही. त्यानंतरच्याही नाही. लॅबचा फोन केव्हा येईल सांगता येत नाही. रविवारी लॅब बंद असते, पण तरी.

रक्षाला फोन केला. बोलता बोलता मागे ग्लास वाजला. "आली वं माय," म्हणत ती गेली. फोन तसाच चालू. तिच्या चपलांचा आवाज आला, मग दोघींचा. काय बोलत होत्या ते कळलं नाही, पण रक्षा हसली. मी बराच वेळ ऐकत बसलो. ती फार लवकर पोचते. सिंदीचं घर लहान आहे, सोयीचं पडत असेल.

आईची आठवण येते. दुपारी जास्त.

२४ नोव्हेंबर
Pass! शक्ती मर्यादेत. Report दिल्लीला पाठवला. तानाबाईंना सांगायला गेलो. बरं झालं, म्हणाल्या आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या.

८ डिसेंबर, सोमवार, सकाळ
मंजुरी आली. स्टँडवर जाऊन प्रिंट काढली, लॅमिनेट केली, आईच्या खाटेवरच्या खिळ्याला टांगली. लॅबमधून नमुनाही परत आला. अंकुश म्हणाला, काका, तुमचं सामान वापस. आजपासून वापर कायदेशीर. रक्षाला कळवायचं आहे. आधी एकदा वाजवून बघतो.

त्याच दिवशी, दुपार
बटणात सेल घातला, ते आईच्या खाटेवर ठेवलं. मागच्या खोलीत येऊन घंटी लावली. लावताक्षणी वाजली. मी "आलो" म्हटलं, हातातलं टाकलं आणि गेलो. लगेच पोचलो. एवढंच अंतर आहे.

खाटेवर गादी गुंडाळलेली. बटण ठेवलं तिथेच. मग आठवलं, हा लॅबचा नमुना. कुणी दाबो न दाबो, हा अखंड लहरी सोडणार आणि घंटी वाजतच राहणार. लॅबवाल्या मुलीचं म्हणणं काहीही असो, यात बदल केला की मंजुरी गेली. म्हणून बदल करणार नाही.

तानाबाई कुंपणावरून विचारून गेल्या, भाऊ, कवापासून वाजून राह्यली, आई आली का? नाही म्हटलं.

आणखी दोनदा जाऊन आलो. सेल नवा आहे, बरेच दिवस चालेल. अजून वाजतेच आहे. जाऊन येतो.