जावईबापूंची केळी

ता. २१ ऑगस्ट, गुरु.
तापीचं पाणी ओसरलं, गाळ ठेवून गेलं. दवाखान्यात डायलिसिसची खोली खाली, तिथं गुडघाभर चिखल. मशीन उचलून वर ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. पण त्यांना चोख पाणी लागतं. टाकीत गाळ, नळाला गाळ. पुरात बुडून पाण्यावाचून बसलोय.
लेक बाळंतीण, जावईबापू शेतातला चिखल उपसतायत, म्हणून विहिणीपाशी मी. जन्मभर तिनं माझ्या पापडाला नावं ठेवली, आता तिचं भांडं मी धरते. मशीनच्या पाळ्या चुकल्यात तिच्या. पाय खांबासारखे झालेत.

ता. २२, शुक्र.
सगळे वर एकाच वॉर्डात. भिंत पडून मोडलेले, तापवाले, नि आम्ही मशीनवाले. सिस्टर बाहेरून आणलेली, नवी. कोण कशाचा, तिला ठाऊक नाही.
शेजारच्या खाटेवर रुमशाबाबा, धडगावकडचा. तोही मशीनवाला. घाट बंद, घरचं कोणी पोचलं नाही. त्याची पावरी बोली आम्हाला कळत नाही, पण आम्ही विहिणी भांडलो की तो खुदुखुदु हसतो. फुकटचा तमाशा.
मशीन चालवणाऱ्याला टँकरचं विचारलं. "आजी, रोज सांगतोय वर. टँकर आधी गावांना जाताहेत." बरोबर आहे. गावातली माणसं तहानली आहेत. आम्ही तरी कोण, म्हशी?

ता. २३, शनि.
जावईबापू टेम्पो भरून केळी घेऊन आले. बाग आडवी झाली सगळी. म्हणे, "मामी, सडण्यापेक्षा आजारी माणसाच्या मुखी लागलेली बरी." मी भांडी घासायला खाली गेले, तोवर खाटेखाटेला वाटून मोकळे. फोटो निघाले. आईला दिलं नाही, तिला साखर आहे म्हणून. त्यांना वाटतं केळं साखरेमुळे बंद. एरवी दवाखान्यात विहिणीला माझी लेकच आणायची, तेव्हा पथ्य तिनं ऐकलं, मी ऐकलं. मशीनवाल्यांना केळं नको, नारळपाणी नको. त्यातला क्षार रक्तात साचतो नि काळीज बंद पाडतो. जावईबापूंना हे कोणी सांगितलंच नाही.
वर आले तर रुमशाबाबाच्या खाटेवर सालींचा ढीग. उरलेली काढून घेतली तर त्यानं हातच जोडले मला. सिस्टरला सांगितलं. "आजी, उपाशी होते ते. हलकं अन्न आहे." नि पळाली दुसऱ्या पेशंटकडे.
इकडे विहिणीनं लेकाच्या बागेतलं एक केळं उशाखाली दडवलेलं. "मन्हा आंडोरनी केळी शेत. एक तं खाऊ दे व!"
"खा नि मरी जाय. मंग तुन्हा नावनं जेवण केळीना पानवरच घालसूत."
रडली. रडू दे.

ता. २४, रवि.
रुमशाबाबा गेला. सकाळी छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. मी ओरडले, डॉक्टर धावले, छाती दाबली, सुया दिल्या. "मशीन चालू असती तर," एवढं बोलून थांबले. मग खाटेखालच्या साली दिसल्या.
"केळी कोणी दिली?"
मी साली गोळा करायला वाकले. विहिणीनं तोंड भिंतीकडे वळवलं. खालचा गाळ अजून कसा, टँकर का नाही, हे कोणी कोणाला विचारलं नाही.
विहिणीनं उशाखालचं केळं आपणहून काढून दिलं. "फेकी दे." मग माझा पदर धरून, "मन्हा आंडोरले सांगू नको व, याहीण. बाग गयी त्यानी. हाई बी तो कितलं सोसी..."
घाट उघडला की बाबाचे घरचे येतील. त्यांना काय...

ता. २५, सोम.
जावईबापूंचा फोन. दुसऱ्या दवाखान्यात टेम्पो नेतायत. जावयाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यांच्याशी फोनवरसुद्धा मी पदर सावरून बोलते. आज नाही सावरला. म्हटलं, "केळी नका नेऊ. कुठल्याच दवाखान्यात नाही. मळ्यातल्या बोअरला स्वच्छ पाणी असेल तर टँकर आणा."
हसले. "पूरमा पानी मांगी ऱ्हायनी का मामी?" मग, "केळी खराब व्हती का?"
"नही बापू. गोड व्हती."

ता. २६, मंगळ.
टँकर दुपारपासून फाटकात उभा. मशीन चालवणारा म्हणतो पाणी चालेल, गाळणीतून जाईल. पण मोठे साहेब येऊन बघितल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही. साहेब रस्त्यात आहेत. तेही दुपारपासून रस्त्यातच आहेत.
विहिणीला आडवं होता येत नाही. माझ्या पाठीला पाठ लावून बसते. धाप माझ्या हाडात लागते.
"टँकर कोना शे?"
"तुन्हा आंडोरना."
"मंग येई पानी," म्हणाली.
जावईबापू वर आले, चिखलाच्या पायांनी दारातच उभे राहिले. शेजारची खाट बघितली. चादर बदललेली, रिकामी.
"बाबा घर गया का, मामी?"
विहिणीची पाठ ताठ झाली.
"आधी पाणी चढवा, बापू," म्हटलं. "मग बोलू."
ते खाली गेले. आता खाली काहीतरी घरघरतंय. मोटर लागली, की टँकर माघारी वळवतायत, इथून कळत नाही.