टेकडीवर उडवायच्या नव्या ग्लायडरबाबत आणि माझ्यामागे उरणाऱ्या वस्तूंबाबत

गेल्या महिन्यात लिहिलेल्या मृत्युपत्रात मी एक खोटी गोष्ट लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते. दोरी तुटली नव्हती. बाबा टेकडीच्या कडेवरून पडले तेव्हा ग्लायडर वर चढवायची दोरी त्यांच्या हातात अखंड होती. तो कागद रद्द समजावा, हाच खरा.

माझे वय सव्वीस. हे लिहिताना डोके ठिकाणावर आहे. अक्षराला हसू नये. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट आत्या म्हणाली, "अगं, खेळण्यातलं विमान उडवायला मृत्युपत्र? उद्या मांजर आडवं गेलं तर वकील गाठशील!"

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक आईला द्यावी.

२. बाबांची बारीक करवत, पाती आणि पंखाच्या फासळ्या कापायचे पत्र्याचे साचेही आईकडेच राहावेत. शाळेत जाण्याआधी बाबांनी मला अपूर्णांक शिकवले ते याच साच्यांवर. काकांना यातले काही देऊ नये. बाकीचे साचे त्यांनी बाबांच्या तेराव्याआधीच भंगारात घातले. अगदीच मागायला आले, तर बोथट पाती द्यावीत.

३. नव्या ग्लायडरचे आराखडे आईचे. बाबांनी तीस वर्षांपूर्वी विकायला काढलेल्या, घरी जोडायच्या ग्लायडर-संचाचा एक न उघडलेला खोका माळ्यावर सापडला, त्यावरून मी हा बेतला. पंखाचा बाक त्यांचा. माझी भर एवढीच: त्यांचा पंख एकसंध होता, मी तो मधोमध जोडायचा केला, कारण लांब खोका टपालात मोडतो. त्या जोडावर माझा विश्वास नाही. मैदानावर तो टिकला, पण हा ग्लायडर टेकडीच्या वाऱ्यासाठी आहे, आणि सतरा वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलेले नाही. पडदा लावायलासुद्धा मी खुर्चीवर चढत नाही. तरीही मी स्वतः तिथे उडवून पाहिल्याशिवाय एकही खोका विकू नये. मी परतले नाही, तर कधीच विकू नये.

४. विक्री झालीच, तर माहितीपत्रकाची पहिली ओळ अशी असावी: एकाने वर बघावे, दुसऱ्याने त्याचे पाय बघावेत. हा आमच्या घरचा नियम. ग्लायडर चढवताना दोरी ओढत उलट पावली चालणारा माणूस आभाळाकडेच बघतो. त्याला कड दिसत नाही. त्या दिवशी पाय बघायचे काम माझे होते. ग्लायडर इतका सुंदर चढला की मी वर पाहिले.

एवढी वर्षे मी दोरीवर खापर फोडले. काल आईला खरे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच टॉवेल तिने तीनदा उलगडला.

"नऊ वर्षांच्या पोरीला कडेवर उभं केलं त्यानं," ती म्हणाली. "आता त्याला काय बोलू?" मग टॉवेल बाजूला ठेवून, "तुझे पाय कोण बघणार?"

"आत्या."

"तिला चष्म्याशिवाय स्वतःचे दिसत नाहीत. मी येते. कधी जायचं?"

"वारा बघून सांगते."

"महिनाभर वाराच बघतेयस. तारीख लिही."

मला जोडाची भीती वाटते, कडेची वाटते. सगळ्यांत जास्त वाटते ती याची, की तो चढू लागला आणि आईनेही वर पाहिले तर?

साक्षीदार: आत्या, आणि आम्हाला लाकूड कापून देणारे सुतारकाका. दोघांना यातून काहीही मिळत नाही, म्हणूनच ते साक्षीदार. (आत्याने नाक मुरडले, पण सही केली.) दोघांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत त्यांनी.

ठिकाण: मागच्या खोलीतले कामाचे टेबल.
लिहिल्याची तारीख: सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५.
टेकडीवर जाण्याची तारीख: रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेसात.