कामावरची जीभ

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. चिमणीचा दात पडला आणि तो कुठे ठेवला ते बाईसाहेबांना आठवेना, म्हणून दोन दिवस घर उलथंपालथं आहे.

तू फोनवर विचारतेस, "मीठ सोडलंस ना?" आणि मी हो म्हणतो, कारण ही शेजारी उभी असते. म्हणून आज पत्र.

प्रेशर निघालं तेव्हा तू शपथ घातलीस आणि मी मीठ खरंच सोडलं. पहिले तीन आठवडे जेवण म्हणजे शिक्षा होती. मग एकदा काकडी खाल्ली आणि चमकलो. ती गोड होती. चाळीस वर्षं काकडी खातोय, पण हे कधी कळलंच नव्हतं. गाजर, दूध, उकडलेला बटाटा, ज्याला त्याला आपली चव होती. तेव्हा तुझे फार उपकार वाटले.

पण माझं पोट हातावर नाही, जिभेवर आहे, हे आपण दोघंही विसरलो. वेफर्सच्या दर घाण्यातला एक चाखायचा आणि "जाऊ दे" म्हणायचं, एवढंच माझं काम. अकरा वर्षांत चूक नाही. आता मात्र प्रत्येक घाणा खारट लागायला लागला. एका सकाळी मी ओळीने चार घाणे थांबवले. तपासणीत मीठ अगदी बरोबर निघालं. मग घाबरून अंदाजाने सोडायला लागलो, तर एक घाणा अळणीच बाहेर गेला.

साहेबांनी बाजूला घेतलं. "जीभ गेली असेल तर सांगा. पॅकिंगला लावतो." ते प्रेमानेच बोलले. पण पॅकिंगवाल्यांना कारखान्याची खोली मिळत नाही, आणि आम्ही त्याच खोलीत राहतो.

ताई, चार महिने झाले, मी पुन्हा मीठ खातोय. कामावरच्या कपाटात पुडी आहे. सकाळी चमचाभर, सुट्टीत खारे शेंगदाणे. जीभ परत मठ्ठ झाली, म्हणजे कामाला पक्की झाली. साहेब खूश आहेत. मागच्या आठवड्यात प्रेशर एकशे ऐंशी होतं. तो कागद मी फाडला.

घरी माझ्यापायी तिघंही अळणी खातो. काल हिने भोपळा नुसता वाफवला होता. चिमणी म्हणाली, "आई, साखर घातलीस?"

"चिमूटभरसुद्धा नाही. भोपळाच गोड आहे. हो ना हो?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडात नुसता ओला कापूस. मी म्हणालो, "फार गोड." मला लाज वाटली, आणि त्यांचा हेवाही वाटला.

हिला सांगितलं तर ती मला कामावर जाऊ देणार नाही. नाही गेलो तर खोली सोडायची. रोज सकाळी दोन्हींचा विचार करतो आणि पुडी उघडतो.

एक विचारायचं राहिलं. बाबा लकव्याने पडले तेव्हा मी लहान होतो, तू घरी होतीस. त्याआधी त्यांच्या हाताला मुंग्या येत होत्या का? किती दिवस आधी? आठवत असेल तर लवकर लिही. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझी शपथ मोडलेला,
धाकटा