पूर्वपक्ष भारी पडला, त्याची हकीकत

चिरंजीव धाकटे बंधू यांस ज्येष्ठाचे आशीर्वाद.

तुझी बोट सध्या कोणत्या समुद्रात आहे ते ठाऊक नाही. जिथे असेल तिथे तुझे पोट आणि तिचे इंजीन दोन्ही सुरळीत चालोत. माझी प्रकृती वयाला शोभेल अशी आहे, आणि तुझी सौभाग्यवती माझ्याशी बोलत नाही. पहिल्या गोष्टीला इलाज नाही. दुसरीचे कारण कळवणे माझे कर्तव्य आहे.

‘भिंगरी परदेशी नोकरीला जायचे म्हणते, दादा, तिला तुम्हीच अडवा,’ असे तू कळवलेस. (अर्धे आयुष्य पाण्यावर काढलेल्या बापाने लेकीला ‘घर सोडू नकोस’ म्हणणे हा युक्तिवाद लंगडा पडतो; काम माझ्या गळ्यात का आले, हे मी तेव्हाच ओळखले.) विषय पाहिल्याशिवाय मी बोलत नाही, म्हणून आधी तिच्या रुग्णालयात जाऊन बसलो. फिजिओथेरपीचा विभाग तळघरात, धुलाईखान्याला लागून आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांचा विभाग लिफ्ट पोचत नाही अशा जागी ठेवण्यामागचा विचार मला अद्याप उलगडलेला नाही. पक्षाघात झालेल्या एका गृहस्थांना भिंगरी दोन दांड्यांमधून चालायला शिकवत होती. त्यांनी पहिले पाऊल टाकले, तशी त्यांची पत्नी जिना चढून वरच्या डॉक्टरांचे आभार मानून आली, आणि भिंगरीला म्हणाली, “मालिशवाल्या बाई, तेवढी यांची चप्पल द्या हो.” शेजारी एक्स-रे काढणारा तिचा सहकारी उभा होता. तो म्हणाला, “काका, मला तर फोटोवाला म्हणतात.”

रविवारी जेवणे झाल्यावर दोघी मायलेकींना समोर बसवले. आता, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाची खोड तुला ठाऊक आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्यापेक्षा चांगले मांडायचे आणि मगच खोडायचे. मी पूर्वपक्ष, म्हणजे तिने जावे ही बाजू, मांडला. तिकडे या विद्येची माणसे कमी पडतात. कोणता उपचार करायचा हे पुष्कळदा तीच ठरवील. रोगी तिला तिच्या हुद्द्याने ओळखील. परवान्याची परीक्षा, भाषेची चाचणी, कागदपत्रांची रखडपट्टी, पहिली नेमणूक एखाद्या आडगावच्या वृद्धाश्रमात, हे दोष होतेच. पण प्रतिपक्ष मुद्दाम दुबळा ठेवणे अप्रामाणिकपणाचे, म्हणून त्यांचे परिहारही मीच दिले. (ते चांगले जमले, हे नम्रपणे नमूद करतो.)

भिंगरी उठली. “काका, मनातून मी अजून कच्चीच होते. आता पक्कं.”

मी म्हणालो, “थांब, हे माझे मत नव्हे. उत्तरपक्ष व्हायचा आहे.”

“तो आईला सांगा. मला ड्यूटी आहे.”

ती गेली. आणि तुझी सौभाग्यवती, जिने आजवर माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली, “भाऊजी, पोरीला अडवायला बसवलं होतं तुम्हाला, पाठवणी करायला नव्हे!” त्यानंतर माझे ताट वाढले जाते, पण शब्द वाढला जात नाही. भिंगरीने अर्ज केला आहे.

तुझा,
दादा

ता.क. काल तो एक्स-रेवाला प्रयोगशाळेतल्या दोघांना घेऊन आला होता. “काका, ते पहिलं अर्धं भाषण आम्हालाही ऐकवा. दुसरं नको.”

ता.क. दुसरा. उत्तरपक्ष खरोखर तयार होता का, असे तू विचारशील. होता. नंतर पुन्हा तपासला, तेव्हा त्यात एकच हेतू, म्हणजे एकच कारण, टिकला: ती गेल्यावर हे घर आपल्याला सोसवणार नाही. हा हेतू आपल्या तिघांविषयी आहे. तिने जावे की राहावे, याविषयी तो काहीच सिद्ध करत नाही. म्हणून मी तो मांडलेला नाही. बंदराला लागलास की तिला फोन करशील, तेव्हा तूही मांडू नकोस. आणि बोलताना आवाज सांभाळ.